मनीच्या पासपोर्टातले तीन महिने

व्हिसा येतो, तिकिटे निघतात, घरमालकाकडे अनामत रक्कम परत मागून होते, आणि मग एके रात्री जेवताना कोणी तरी विचारते, ‘मनीचे काय करायचे?’ नोकरीसाठी पुण्या-मुंबईहून जर्मनीला निघालेल्या घरांत हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. फक्त तो बहुतेकदा उशिरा विचारला जातो. नोकरीचे पत्र हाती पडल्यापासून रुजू होईपर्यंत माणसाला दोन-तीन महिने मिळतात. भारतातून युरोपीय संघात जाणाऱ्या मांजराला किमान चार लागतात. जास्त पैसे मोजून, ओळख लावून किंवा एजंट बदलून हा काळ कमी होत नाही, कारण तो रेबीजच्या विषाणूच्या चालीवर बेतलेला आहे.

ही चाल फसवी असते. चाव्याच्या जखमेतून शिरलेला विषाणू रक्तात फिरत नाही. तो मज्जातंतूच्या आतून, हळूहळू, मेंदूच्या दिशेने सरकतो. माणसात या प्रवासाला साधारण दोन ते तीन महिने लागतात. कधी एक आठवडा, तर कधी वर्षही. यालाच अधिशयन काळ म्हणतात. या काळात प्राणी खातो-पितो, खेळतो, मांडीवर येऊन झोपतो. जिवंत प्राण्यात या टप्प्यावर रोग हमखास पकडणारी कोणतीही तपासणी आजही उपलब्ध नाही. लक्षणे दिसली की मात्र मृत्यू जवळजवळ अटळ. त्यामुळे विमानतळावर आलेले मांजर कितीही टवटवीत दिसले, तरी त्यावरून तपासणाऱ्या अधिकाऱ्याला रेबीजबद्दल काहीच कळत नाही.

ब्रिटनने यावर पूर्वी सरळ उपाय केला होता. बाहेरून येणारे प्रत्येक कुत्रे-मांजर सहा महिने विलगीकरणात ठेवायचे. तेही पुरले नाही. 1969 मध्ये कॅम्बर्ली या गावात, सहा महिन्यांचे विलगीकरण पूर्ण करून घरी आलेल्या एका कुत्र्याला रेबीज झाला आणि देशभर घबराट उडाली. नुसते डांबून ठेवण्यापेक्षा लस आणि तिचा रक्तातला पुरावा अधिक भरवशाचा, हे पुढे पटत गेले आणि 2000 पासून ब्रिटनने त्या आधारावर पाळीव प्राण्यांना प्रवेश देणे सुरू केले. जर्मनीची काळजीही समजण्यासारखी आहे. तिथे कोल्ह्यांमध्ये रेबीज होता. 1983 पासून जंगलात लस भरलेली आमिषे टाकून, अनेक वर्षांच्या चिकाटीने, तो देश 2008 मध्ये त्यातून मुक्त झाला. आपल्याकडे रेबीज आजही रस्त्यावर आहे. जगभरात दर वर्षी सुमारे 59 हजार माणसे या रोगाने दगावतात असा अंदाज आहे, आणि त्यांत भारतातल्या मृत्यूंचा वाटा मोठा आहे.

आता मनीची तयारी. सर्वांत आधी मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप खांद्यांच्या मधल्या त्वचेखाली सुईने बसवतात. तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. त्यानंतर, किंवा त्याच दिवशी, रेबीजची लस. हा क्रम चुकतो तिथेच बहुतेकांचे गणित कोसळते. ‘आमच्या मांजराला लस दर वर्षी देतो’ असे लोक अभिमानाने सांगतात, पण चिप नसताना दिलेली लस युरोपच्या हिशेबी दिलेलीच नसते. ती याच मांजराला दिली, हे सिद्ध कसे करणार? मग चिप बसवून लस पुन्हा घ्यावी लागते. पिल्लू असेल तर लसीच्या वेळी ते किमान बारा आठवड्यांचे हवे.

लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त काढतात आणि त्यातला सीरम मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. पशुवैद्य याला ‘टायटर टेस्ट’ म्हणतात. सीरम टप्प्याटप्प्याने पातळ करून त्यात रेबीजचा जिवंत विषाणू मिसळतात आणि हे मिश्रण पेशींवर सोडतात. सीरममध्ये पुरेशी प्रतिपिंडे असतील तर विषाणू निष्प्रभ होतो. नसतील तर तो पेशींत शिरतो आणि विशिष्ट रंगद्रव्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली चमकतो. उत्तीर्ण होण्याची रेषा आहे प्रति मिलिलिटर 0.5 आंतरराष्ट्रीय एकक. गंमत म्हणजे लस घेतलेल्या माणसासाठीही हीच रेषा वापरतात. एकच डोस मिळालेली लहान पिल्ले कधी कधी यात नापास होतात. मग पुन्हा लस, पुन्हा तीस दिवस, पुन्हा रक्त.

अहवाल चांगला आला तरी रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबावे लागते. इथे लोक चिडतात. प्रतिपिंडे आहेत, मग आता कशाला थांबायचे? कारण अहवाल एवढेच सांगतो की लस लागू पडली. लस देण्याआधीच्या आठवड्यात मनीला गच्चीवर एखाद्या रेबीज झालेल्या प्राण्याने चावा घेतला होता का, हे तो सांगत नाही. विषाणू आधीच वाटेत असेल, तर बहुतेक वेळा तो या तीन महिन्यांत उघडा पडतो. म्हणून 1 जानेवारीला चिप आणि लस झाली तर रक्त 31 जानेवारीला, आणि विमान लवकरात लवकर एप्रिलच्या अखेरीस. अहवाल यायला लागणारे आठवडे या तीन महिन्यांतच जातात, हाच काय तो दिलासा. हे महिने मात्र मनीने घरातच काढायला हवेत. तेवढ्यात तिला गच्चीवर मोकळे सोडले तर थांबण्याला काय अर्थ उरला?

शेवटच्या आठवड्यात केंद्र सरकारच्या पशू संगरोध केंद्रातून आरोग्य प्रमाणपत्र घ्यायचे. युरोपात पोहोचण्यासाठी ते दहा दिवसच चालते. मालक आणि मांजर यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडले, तर मांजर पाळीव न मानता व्यापारी माल समजले जाते आणि नियम बदलतात. म्हणून नवरा-बायकोपैकी एक आधी जाणार असेल, तर कागदांवर मागे राहणाऱ्याचे नाव असलेले बरे.

इतर देशांची तऱ्हा वेगळी. जपानला दोन लसी आणि रक्त काढल्यापासून 180 दिवस लागतात. ऑस्ट्रेलियात भारतातून थेट मांजर नेताच येत नाही. मध्ये मान्यताप्राप्त देशात मुक्काम करून जावे लागते. उलट अमेरिकेचे केंद्रीय नियम मांजरासाठी रेबीजची लसही सक्तीची करत नाहीत, आणि भारतातून येणाऱ्या कुत्र्यांबाबत मात्र फार कडक आहेत.

प्रवासात मांजर ओरडेल म्हणून झोपेची गोळी मागणारे पुष्कळ. गुंगीच्या औषधांनी रक्तदाब आणि शरीराचा तोल बिघडतो, आणि विमानाच्या मालकक्षात तिच्याकडे बघायला कोणी नसते. पर्शियनसारख्या चपट्या नाकाच्या मांजरांना तर श्वासाचा त्रास आधीपासूनच असतो. त्यापेक्षा पिंजरा दीड-दोन महिने आधी दिवाणखान्यात उघडा ठेवून त्यातच खाऊ घालणे कितीतरी उपयोगी. घरातल्या औषधांच्या डब्याला तर हात लावूच नये. पॅरासिटामॉल निकामी करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. माणसाची एक गोळी तिचा जीव घेऊ शकते.

आणि निघण्याच्या दिवशी हमखास होणारा प्रसंग: पिंजऱ्यात कोंबताना मनी चावते. मांजराचे दात सुईसारखे. वरून ठिपका दिसतो, पण जंतू खोल जातात. बारा ते चोवीस तासांत बोट सुजून लाल होऊ शकते, आणि जखम सांध्याजवळ असेल तर प्रतिजैविक लगेच लागते. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि विमानाची घाई असली तरी डॉक्टरांना दाखवावी. नियमित लस घेतलेल्या, घराबाहेर न जाणाऱ्या मांजराकडून रेबीजचा धोका फारच कमी. तरी निर्णय डॉक्टरांनी करायचा. चावणारे मांजर दहा दिवस ठणठणीत राहिले तर उरलेले डोस थांबवता येतात, आणि इथे तर ते सोबतच असते. निरोपाच्या गडबडीत सोसायटीतल्या भटक्या मांजराने चावले किंवा ओरखडले तर मात्र लस त्याच दिवशी सुरू व्हायला हवी. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही. सरकारी रुग्णालयांत त्वचेतून दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस 0, 3, 7 आणि 28 असतात. मधले डोस परदेशात येत असतील तर लसीचे कार्ड हातातल्या बॅगेत ठेवावे. मनीची फाइल लॅमिनेट करून नेणारे लोक हे कार्ड घरी विसरतात.

म्युनिकच्या नव्या घरात मनी दोन दिवस पलंगाखाली बसली तर घाबरायचे कारण नाही. काहीच खात नसेल तर आहे. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, काही दिवस उपाशी राहिले की यकृतात चरबी साचून गंभीर आजारी पडते. म्हणून एक-दोन दिवसांतच पशुवैद्याकडे न्यावे. तिथेच तिचा युरोपीय पासपोर्ट काढून घेता येतो. त्यात टायटरचा निकाल आणि पुढच्या लसीची तारीख नोंदवलेली असते. ती तारीख न चुकवता लस दिली तर रक्ताची चाचणी पुन्हा करावी लागत नाही. एक दिवस जरी उलटला, तर पुढच्या वेळी भारतात येऊन परतताना चिप तेवढी जुनी चालते, बाकी लस, तीस दिवस आणि तीन महिने पहिल्यापासून.