शस्त्राचा हक्क आणि विनाशस्त्र माणूस

बंदूक बाळगणे हा नागरिकाचा हक्क, की सरकारने दिलेली परवानगी? हा प्रश्न धरणगावात विचारण्यास विशेष कारण आहे. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला. डोंगरांतल्या भिल्लांनी पुढे काही वर्षे त्यांना जुमानले नाही. नुसत्या फौजेने काम भागेना, तेव्हा १८२५ साली जेम्स औट्रम या तरुण लेफ्टनंटाने भिल्लांचीच पलटण उभारली. तिचे ठाणे आपल्या याच धरणगावी होते. ज्याच्या तीरकमठ्याचे भय, त्याच्याच खांद्यावर सरकारी बंदूक आली. पुढे १८५७ च्या धामधुमीत खाज्या नाईक उठले. एके काळी ते सरकारी चाकरीत घाटरस्त्याची राखण करीत. १८५८ च्या एप्रिलात अंबापाणीला भिल्लांची इंग्रज फौजेशी लढाई झाली. म्हणजे एकाच मुलखात, एकाच जमातीच्या हातातले शस्त्र कधी सरकारची सेवा ठरले, कधी गुन्हा. शस्त्र तेच, ठरवणारा मात्र सरकार होता.

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा झाला. परवान्यावाचून बंदूक बाळगण्यास हिंदी माणसाला बंदी आली. गोऱ्या माणसाला मात्र त्यातून सूट होती. लोकांना खुपली ती बंदीपेक्षा ही सूट. रानडुकरे पीक फस्त करीत असताना शेतकऱ्याने परवान्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या आणि साहेबाने हौसेखातर शिकार करावी, हा न्याय कोणता? १८८७ पासून काँग्रेसने हा कायदा सैल करा म्हणून मागणी चालविली. १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा ठराव झाला, त्यात नियमांच्या चौकटीत राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातलेला होता.

मग तो राज्यघटनेत का आला नाही? १९४८ च्या डिसेंबरात ह. वि. कामत यांनी घटना समितीत तशी दुरुस्ती मांडली. कराचीच्या ठरावाचा आधार त्यांना होता. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : हक्क म्हटला की तो सर्वांचा, चोर-दरोडेखोरही तोच हक्क सांगत येईल. ज्याला वाटेल त्याने बाजारात जाऊन हवे ते हत्यार विकत घ्यावे, अशा स्थितीत राज्यकारभार चालणार नाही. वेळ आली तर देशासाठी शस्त्र धरणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे, आणि महत्त्व त्या कर्तव्याला आहे. दुरुस्ती नामंजूर झाली.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने तेथे शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत गेला, आणि हा हक्क व्यक्तीचा आहे असा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. पण हा हक्क लिहिला गेला त्या काळी लक्षावधी माणसे तेथे गुलाम होती, आणि गुलामाच्या हाती बंदूक दिसली तर तो गुन्हा होता. हक्काची अक्षरे मोठी असली, तरी ती कोणाच्या घरापर्यंत पोचतात हे पाहावे लागते.

आपल्याकडे आज १९५९ चा शस्त्र अधिनियम चालतो. तो १९६२ च्या ऑक्टोबरपासून अमलात आला. बंदुकीला परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सातपुड्याच्या सीमेवरून येणारे गावठी कट्टे आपल्या पोलिसांना वारंवार सापडतात. तेव्हा कायदा कडक का, हे खानदेशच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

पण याच कायद्यात गरिबाच्या उपयोगाची काही कलमे आहेत, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. केवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागण्याची सोय आहे. परवाना नाकारला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात, अर्जदाराने मागितल्यास ती थोडक्यात द्यावी लागतात (सार्वजनिक हिताला बाध येत असेल तेवढा अपवाद), आणि त्यावर अपील करता येते. ज्याच्या दारात मोटार आहे त्याला परवाना आणि ज्याच्या दारात बैल आहे त्याला हेलपाटे, हे कायद्याचे सांगणे नाही.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आम्हांला घटनेचे १९ वे कलम जवळचे. त्यात संघटना करण्याचा हक्क आहे, आणि शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे. ‘विनाशस्त्र’ या एका शब्दावर आमचा प्रत्येक मोर्चा उभा असतो. पोलीस कायद्याचे ३७ वे कलम लागले की झेंड्याची काठी केवढी जाड, याचीही चौकशी होते. ती आम्ही सोसतो, कारण हा सौदा आम्हांला मान्य आहे : नागरिकाने हत्यार घरी ठेवावे आणि त्याच्या जिवाची हमी राज्याने घ्यावी.

मात्र सौद्याला बाजू दोन असतात. १९४६ साली येथून जवळच अमळनेरला प्रताप मिलच्या कामगारांवर गोळीबार झाला. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसांचे बळी गेले. रिकाम्या हातांच्या माणसावर सरकारी बंदूक चालते तेव्हा सौदा राज्याच्या बाजूने मोडतो. त्यावर उपाय म्हणून घरोघर बंदुका द्या, असे आम्ही म्हणणार नाही. बंदुकांच्या बाजारात श्रीमंताची बंदूक नेहमी जास्त असणार. गरिबाजवळ आहे ते माणसांचे बळ. आमचे मागणे एवढेच की, गोळी कोणाच्या हुकुमाने सुटली याची दरवेळी उघड चौकशी व्हावी आणि जबाबदारी ठरावी. परवाना मागणाऱ्या शेतकऱ्याला सरकार कारण विचारते. तसेच गोळी झाडणाऱ्या सरकारला कारण विचारण्याचा अधिकार, शस्त्र खाली ठेवलेल्या नागरिकाचा आहे. तो अधिकार वापरला नाही, तर घटनेत कोणताही हक्क लिहून उपयोग नाही.