घरांतील व रस्त्यांतील भूमिति

भूमिति हा शब्द ऐकतांच पुष्कळ मुलांच्या कपाळास आठ्या पडतात. वर्तुळाची व्याख्या त्यांस तोंडपाठ असते. परंतु रस्त्यांतील गटाराचें झांकण वाटोळें कां करितात, असें विचारिलें तर तीं गप्प बसतात. हा दोष मुलांचा नव्हे. आकृतीचें नांव सांगतां आलें म्हणजे ती ओळखली, अशी त्यांची समजूत मोठ्यांनींच करून दिलेली असते. वास्तविक प्रत्येक आकृतीच्या अंगीं कांहीं गुण असतो. तो ज्यास दिसला, त्यानेंच ती ओळखली.

प्रथम तें झांकणच घेऊं. झांकण २ फूट बाजूचा चौरस असेल, तर त्याच्या भोकाचा कर्ण सुमारें २ फूट १० इंच भरतो. झांकण उभें करून कर्णाच्या दिशेनें धरिलें, तर तें खालीं माणसाच्या डोक्यावर पडावयाचें! वर्तुळाची रुंदी मात्र कोणीकडूनही सारखीच. भोकास आंतून लहानशी कड ठेविली, कीं वाटोळें झांकण कसेंही फिरविलें तरी आंत जात नाहीं.

त्रिकोणाचा गुण ताठपणाचा. चार काठ्यांची चौकट कोपऱ्यांत एकेक खिळा ठोकून केली, तर ती दाबतांच कलते. तिला कर्णावर पांचवी काठी ठोकली कीं दोन त्रिकोण होतात आणि चौकट हालत नाहीं. कारण त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या म्हणजे त्याचे कोनही ठरतात. कौलारू छपराची कैची, सायकलीचा सांगाडा, फळ्यांच्या दारास मागून ठोकलेली तिरपी पट्टी, या सर्वांत हीच युक्ति आहे.

घराच्या पायाची आंखणी करितांना गवंडी एका दोरीवर ३ फूट व दुसरीवर ४ फूट मोजून खुणा करितो. दोन्ही खुणांतील अंतर बरोबर ५ फूट आलें म्हणजे कोपरा काटकोनांत आहे. ९ आणि १६ मिळून २५, एवढाच हिशेब. कर्णाचा हा नियम यज्ञवेदींच्या आंखणीसाठीं बौधायनाच्या शुल्बसूत्रांत सांगितलेला आहे.

मधमाश्यांच्या पोळ्यांत षट्कोन दिसतो. सर्व बाजू व कोन सारखे असलेल्या एकाच आकृतीनें फट न ठेवतां जागा भरावयाची, तर त्रिकोण, चौरस आणि षट्कोन हे तीनच उपयोगी पडतात. त्यांत तितक्याच जागेस सर्वांत थोडें कुंपण षट्कोनास लागतें, म्हणून मेणही थोडें. चौथ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या पॅपसनें याची चर्चा केली. कोणत्याही आकाराच्या सारख्या खणांनीं याहून काटकसर होत नाहीं, हें मात्र १९९९ सालीं टॉमस हेल्स या अमेरिकन गणितज्ञानें सिद्ध केलें.

म्हणून मुलांस आकृतीचें नांव विचारण्याआधीं, ती तेथें कां आहे, हें विचारावें. उत्तर न आल्यास रागावूं नये. चार काड्या व थोडा दोरा त्यांच्या हातीं द्यावा.