लठ्ठपणाची जबाबदारी कोणाची?



'खात्यापित्या घरचा' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेंत फार दिवसांचा आहे. अंगानें भरलेला मनुष्य दिसला कीं त्याच्या घरीं सुबत्ता आहे असें आपण मानीत आलों. आणि ज्या देशानें दुष्काळामागून दुष्काळ पाहिले, तेथें असें मानलें जावें हें स्वाभाविकच होतें. आतां वारें फिरलें आहे. त्याच मनुष्याला आज लोक आळशी म्हणतात, खादाड म्हणतात, आणि 'तोंडाला आवर घाला' एवढा उपदेश करून मोकळे होतात. हा उपदेश कितपत न्यायाचा आहे, आणि लठ्ठपणा टाळण्याची जबाबदारी व्यक्तीची, कुटुंबाची कीं सरकारची, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम लठ्ठपणा मोजतात कसा तें पाहूं. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागलें म्हणजे जो आंकडा येतो, त्याला बॉडी मास इंडेक्स म्हणतात. ज्याची उंची १.६० मीटर व वजन ६४ किलोग्रॅम, त्याचा हा आंकडा बरोबर २५ येतो. जागतिक आरोग्य संघटना २५ पासून वजन अधिक झालें असें मानते, व ३० पासून लठ्ठपणा. आपल्या देशांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, २५ वा त्याहून अधिक आंकडा असलेल्या स्त्रिया २०१५-१६ सालीं शेंकडा २०.६ होत्या, २०१९-२१ सालीं त्या शेंकडा २४ झाल्या. पुरुषांचें प्रमाण १८.९ वरून २२.९ वर गेलें. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार व सांध्यांचीं दुखणीं या वाढीच्या पाठोपाठ येतात. आतां, इतक्या थोड्या वर्षांत कोट्यवधि लोकांचा मनोनिग्रह एकदम ढळला, असें म्हणावयाचें काय? आणि ढळला म्हटलें, तरी तो सर्वांचा एकाच काळीं कां ढळावा?

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास एक उदाहरण फार उपयोगी पडतें. पिमा नांवाच्या जमातीचे कांहीं लोक अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतांत राहतात, व त्यांचेच भाईबंद सरहद्दीपलीकडे मेक्सिकोच्या डोंगराळ भागांत. वंश एक, परंतु मेक्सिकोंतील पिमा अंगमेहनतीची शेती करून साधें अन्न खात होते, तर ॲरिझोनांतील पिमांचें राहणीमान व आहार आधुनिक अमेरिकन पद्धतीचा झाला होता. १९९४ सालीं संशोधकांनीं दोन्हीं ठिकाणच्या लोकांचीं मापें प्रसिद्ध केलीं. मेक्सिकोंतील पिमांचा सरासरी आंकडा सुमारे २५, तर ॲरिझोनांतील पिमांचा ३३ हून अधिक भरला. रक्त तेंच असूनहि परिस्थिति पालटली कीं देह पालटतो, हें येथें स्पष्ट दिसतें.

दुसरें उदाहरण आपल्या पुण्याजवळचें आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं पुण्याजवळील सहा खेड्यांतील नवजात बालकांचीं मापें घेऊन तीं इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बालकांच्या मापांशीं ताडून पाहिलीं. आपल्याकडील बालकांचें वजन सरासरी २.७ किलोग्रॅम, तर तिकडील बालकांचें ३.५ किलोग्रॅम होतें. तथापि आपलीं बालकें इतकीं बारीक असूनहि त्यांच्या अंगांत स्नायूंच्या मानानें चरबी अधिक होती. हा निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध झाला. भारतीय मनुष्यास कमी वजनांतहि मधुमेह कां गांठतो, याचा कांहीं उलगडा त्यावरून होतो. गर्भांत असलेल्या जिवाला तोंडाला आवर घालण्यास कोण सांगणार? त्याची तजवीज त्याच्या आईच्या, किंबहुना ती लहान मुलगी होती तेव्हांच्या ताटापासून व्हावयास पाहिजे.

तेव्हां परिस्थिति ज्यांच्या हातीं आहे, त्यांच्याकडे जबाबदारीचा मोठा वांटा जातो. ब्रिटिश सरकारनें हा वांटा उचलण्याचा एक प्रयत्न केला. साखर घातलेल्या शीतपेयांवर कर बसविण्याचें तेथें २०१६ च्या मार्चमध्यें जाहीर झालें, व एप्रिल २०१८ पासून तो लागू झाला. १०० मिलिलिटरांत ५ ग्रॅमांहून कमी साखर असल्यास कर नाहीं. ५ पासून ८ ग्रॅमांपर्यंत लिटरमागें १८ पेन्स. ८ ग्रॅम वा अधिक असल्यास २४ पेन्स, अशी ती योजना होती. यांतील खुबी अशी कीं, कायद्यानें कोणालाहि पेय पिण्यास मनाई केली नाहीं. परंतु कारखानदारांस मध्यें दोन वर्षांची सवड मिळाली, आणि त्यांतील पुष्कळांनीं कर टाळण्यासाठीं पेयांतील साखरच कमी करून टाकली. ग्राहकानें कांहींहि न करतां त्याच्या पोटांत जाणारी साखर घटली.

'सरकारनें आमच्या ताटांत डोकावूं नये,' असा आक्षेप यावर घेतात, व तो अगदींच टाकाऊ नाहीं. प्रौढ मनुष्यानें काय खावें हें त्याचें त्यानें ठरवावें. तथापि दुधांतील भेसळ तपासणारें व मिठांत आयोडीन घालावयास लावणारें सरकार आपणांस चालतेंच. गलगंड झालेल्याला मनोनिग्रहाचा उपदेश कोणी केला नाहीं, मीठ सुधारलें. दुसरा आक्षेप असा कीं, अशा कराचा भार गरिबांस अधिक जाणवतो. तो खरा आहे. म्हणूनच कराच्या पैशांतून स्वस्त भाज्या, फळें व क्रीडांगणें गरिबांच्या वस्तींत पोंचलीं नाहींत, तर तो कर निव्वळ वसुली ठरेल. शिवाय कर हा रामबाण नव्हे. इंग्लंडमधील दहा-अकरा वर्षांच्या मुलींत लठ्ठपणा कांहींसा घटल्याचें २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आढळलें. त्याच वयाच्या मुलांत मात्र तशी घट दिसली नाहीं.

आपल्याकडेहि कायदा अगदींच निजलेला नाहीं. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणें, साखर, मीठ वा स्निग्धांश अतिरिक्त असलेले पदार्थ शाळेंत किंवा शाळेच्या दारापासून ५० मीटरांच्या आंत मुलांस विकतां येत नाहींत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें २०२५ सालीं, कोणत्या पदार्थांत किती साखर असते हें दाखविणारे फलक लावण्यास आपल्या शाळांस सांगितलें. परंतु नियम कागदावर असतो आणि मधली सुट्टी प्रत्यक्ष असते. तीनशें मिलिलिटरांच्या गोड पेयाच्या एका बाटलींत तीसहून अधिक ग्रॅम साखर असूं शकते. प्रौढ मनुष्यासहि दिवसाकांठीं सुमारे ५० ग्रॅमांहून अधिक वरची साखर जाऊं नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

येथें कुटुंबाचा वांटा सुरू होतो. परीक्षा जवळ आली कीं खेळाचा तास गणिताला द्यावा, ही मागणी बहुधा पालकांकडूनच येते, हें मीं आपल्या मास्तरकींत वर्षानुवर्षें पाहिलें आहे. डब्यांत भाजीपोळीऐवजीं बिस्किटांचा पुडा देणें हेंहि सरकारचें काम नव्हे. जो पदार्थ कारखानदार बनवितो, त्यांतील साखरेबद्दल त्याला जाब विचारावा. बाजाराचे नियम सरकारनें करावे व पाळवून घ्यावे. आणि घरच्या ताटाचा व मुलाच्या खेळाचा विचार घरानें करावा. एकानें आपलें काम टाकलें, तर दुसऱ्याच्या श्रमाचें फळ अर्धें राहतें.

पुढच्या खेपेस पाल्याची गुणपत्रिका आणावयास शाळेंत जाल, तेव्हां मुख्याध्यापकांस तीन गोष्टी अवश्य विचारा: शाळेच्या दाराशीं काय विकलें जातें, आठवड्यांतून खेळाचे तास किती होतात, आणि मुलांस पिण्यास स्वच्छ पाणी कोठें मिळतें. या तीन प्रश्नांस कायद्याची वाट पाहावी लागत नाहीं.