पाण्याबाहेर गंजणारे जहाज

लोखंड पाण्यात गंजते, हे आपण मुलांना शिकवतो. मग पाण्यातून बाहेर काढलेल्या लोखंडाचे गंजणे थांबते का? ‘ग्रेट ब्रिटन’ या जहाजाची हकिगत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

ब्रुनेल या अभियंत्याने इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे बांधलेली ही ९८ मीटर लांबीची प्रवासी आगबोट १८४३ साली पाण्यात उतरली. लोखंडी बांधणी आणि मळसूत्री पंखा या दोन्ही गोष्टी असलेले महासागर ओलांडणारे हे पहिलेच जहाज. १८५२ पासून त्याने हजारो प्रवासी ऑस्ट्रेलियाला नेले. १८५७ च्या उठावाच्या वेळी इंग्रज सैनिक घेऊन ते मुंबईलाही आले होते. पुढे इंजिने काढून त्याचे शिडाचे मालवाहू जहाज केले गेले. १८८६ साली वादळाने खिळखिळे झाल्यावर दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटांवर त्याचे गोदाम झाले. अखेर १९३७ साली तिथल्याच एका खाडीत, तळाला भोके पाडून, ते उथळ पाण्यात टाकून देण्यात आले.

१९७० साली त्याच्या मोठ्या भेगेत गाद्या कोंबून ते तरंगवले आणि एका तराफ्यावर चढवून, जिथे बांधले त्याच गोदीत परत आणले. जहाज वाचले असे सर्वांना वाटले. परंतु १९९८ च्या पाहणीत दिसले, की कोरड्या गोदीतही ते गंजतच आहे आणि सुमारे २५ वर्षांत नष्ट होईल!

याचे कारण मिठात आहे. समुद्राच्या पाण्यातील क्लोराईड आयन गंजाच्या थरांत खोलवर शिरतात. लोखंडाचे क्लोराईड हवेतील बाष्प शोषून घेते. त्या ओलाव्यात आयन इकडून तिकडे जाऊ शकतात आणि गंजण्याची विद्युत-रासायनिक क्रिया चालू राहते. म्हणजे बाहेरून कोरडे दिसणारे लोखंड आतून ओलेच असते.

सगळे मीठ धुऊन काढणे अशक्य होते. मग बाष्पच काढून घ्यायचे ठरले. २००५ साली जहाजाभोवती, पाणरेषेच्या उंचीवर, काचेचे छत बसवण्यात आले. त्याखालील हवेची सापेक्ष आर्द्रता यंत्रांच्या साहाय्याने सुमारे २० टक्क्यांवर ठेवली जाते. यंत्रे बंद पडली, तर गंज पुन्हा सुरू होईल.

हे तत्त्व वर्गात सहज पडताळता येते. तीन चकचकीत खिळे घ्या. दोन मिठाच्या पाण्यात व एक साध्या पाण्यात बुडवून लगेच पुसून घ्या. मिठाच्या पाण्यातला एक खिळा सिलिका जेलच्या पुड्यांसह बाटलीत घट्ट बंद करा. उरलेले दोन पावसाळी हवेत उघडे ठेवा. आठवडाभराने काय दिसते? त्यामागचे कारण विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.