मेंदूविकारांच्या औषधचाचण्यांत स्त्रियांचा सहभाग का महत्त्वाचा?

निद्रानाशावरील झोलपिडेम या औषधाला अमेरिकेत १९९२ मध्ये मान्यता मिळाली. स्त्री असो वा पुरुष, नेहमीची मात्रा १० मिलिग्रॅमच होती. जानेवारी २०१३ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने स्त्रियांसाठी ही मात्रा निम्म्यावर आणण्यास सांगितले. स्त्रियांच्या शरीरातून हे औषध अधिक सावकाश बाहेर पडते. १० मिलिग्रॅमची गोळी घेतल्यानंतर आठ तासांनीही सुमारे १५ टक्के स्त्रियांच्या रक्तात वाहन चालविणे धोक्याचे ठरेल इतके औषध आढळले. पुरुषांत हे प्रमाण ३ टक्के होते.

या विलंबाला पार्श्वभूमी आहे. थॅलिडोमाइडमुळे हजारो बालके जन्मतःच व्यंगग्रस्त झाली. गर्भाला अपाय होण्याच्या या भीतीतून १९७७ मध्ये याच प्रशासनाने गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांना सुरुवातीच्या टप्प्यांतील चाचण्यांतून वगळण्याची सूचना केली. ती १९९३ मध्ये मागे घेण्यात आली. त्याच वर्षी सरकारी निधीवरील वैद्यकीय संशोधनात स्त्रियांचा समावेश कायद्याने बंधनकारक झाला.

तरीही अडथळे उरले आहेत. पक्षाघात स्त्रियांना सरासरीने अधिक उतारवयात होतो. त्यामुळे चाचणीत वयाची कमाल मर्यादा घातली की स्त्रियाच अधिक संख्येने वगळल्या जातात. अल्झायमरच्या चाचणीत रुग्णासोबत माहिती देणारा जोडीदार लागतो. बहुधा ही भूमिका पती किंवा पत्नी पार पाडते. वृद्ध स्त्रियांपैकी अनेक जणी मात्र विधवा असतात. अमेरिकेतील अल्झायमरच्या रुग्णांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्त्रिया आहेत, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

केवळ संख्या वाढवूनही प्रश्न सुटत नाही. अल्झायमरवरील लेकानेमॅबच्या १८ महिन्यांच्या चाचणीतील १,७९५ जणांपैकी निम्म्याहून किंचित अधिक स्त्रिया होत्या. या औषधामुळे रुग्णांची घसरण एकंदर २७ टक्क्यांनी मंदावली. स्वतंत्र हिशेबात मात्र पुरुषांमध्ये हा परिणाम ४३ टक्के, तर स्त्रियांमध्ये १२ टक्के दिसला. स्त्री-पुरुषांतील फरक सिद्ध करण्यासाठी ही चाचणी आखलेली नव्हती. म्हणून हा फरक खरा की योगायोगाचा, हे तिच्यावरून ठरत नाही. असे प्रश्न अनुत्तरित राहू नयेत, यासाठी पुरेशा स्त्रियांचा समावेश आणि निष्कर्षांचे स्वतंत्र विश्लेषण आखणीच्या वेळीच निश्चित व्हावे लागते.

रुग्णांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याविना औषधाची मात्रा परस्पर बदलू नये.