विमानात बाळाचे कान का दुखतात?

माहेरपण आटोपून पिंपळनेरहून मुंबईमार्गे परदेशी निघालेल्या लेकीच्या पिशवीत बाळासाठी खेळणी असतातच. ती सगळी एकदम काढू नका. दीड-दोन वर्षांचं मूल हातातल्या वस्तूला लवकर कंटाळतं; थोड्या थोड्या वेळाने एकेक नवी द्या. वाटी-झाकणही पुरतं.

पण कानांची खरी कसोटी विमान उतरताना. उड्डाणात केबिनमधली हवा साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. आपल्या शेजारचा साल्हेर किल्लाही १५६७ मीटरच! खाली येताना दाब वाढतो, कानाचा पडदा आत ढकलला जातो. घसा आणि मध्यकर्ण जोडणारी नळी लहानग्यांत अरुंद, आडवी. चटकन उघडत नाही, म्हणून कान दुखतात. गिळताना मात्र नळी उघडते. म्हणून विमान उतरू लागताच झोपलेल्या बाळालाही उठवा, घोट घोट पाणी किंवा अंगावरचं दूध पाजा. शेंगदाणे मात्र देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकतात.