अकरा आणि एक : पॅट्सी क्लाइनच्या निवडक गीतांचा संग्रह

बाजारातील बहुतेक माल आपण नवा म्हणून विकत घेतो. ‘ग्रेटेस्ट हिट्स’ या नावाने निघणारी रेकॉर्ड मात्र जुनी म्हणूनच घेतली जाते. लोकांच्या तोंडी बसलेली गाणी एका तबकडीवर एकत्र करावयाची, एवढेच तिचे स्वरूप. १९५८ साली अमेरिकेत जॉनी मॅथिस या गायकाचा असा संग्रह निघाला आणि तो खपाच्या यादीत ४९० आठवडे टिकला. पुढे ही प्रथा रूढच झाली. ऐकलेलीच गाणी माणूस पुन्हा पैसे मोजून का घेतो, याचा विचार मी आज एका संग्रहाच्या आधारे करणार आहे. तो आहे पॅट्सी क्लाइन या गायिकेचा, १९६७ साली डेक्का कंपनीने काढलेला, बारा गीतांचा.

प्रथम ‘कंट्री’ संगीताविषयी दोन शब्द. हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ व शेतकरी वस्तीत वाढलेले संगीत आहे. स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंड येथून आलेल्या लोकांनी आपली कथागीते व फिडल आणले. बँजो हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांकडून आले. शेत, खाण, रेल्वे, दारू, देव आणि दुरावलेले माणूस हे त्याचे विषय. भाषा रोजच्या बोलण्यातली.

पॅट्सी क्लाइनचा जन्म १९३२ साली व्हर्जिनिया राज्यातील विंचेस्टर येथे झाला. वडील घर सोडून गेले, तेव्हा शाळा सोडून तिने औषधाच्या दुकानातील सोडा-फाउंटनवर नोकरी धरली. आई शिवणकाम करी. मुलीचे रंगमंचावरचे पोशाखही तीच शिवी. १९५४ साली या मुलीने फोर स्टार नावाच्या कंपनीशी करार केला. त्या करारात एक अट होती : कंपनीच्या स्वतःच्या मालकीचीच गीते तिने गावयाची. मोबदलाही तुटपुंजा होता. पैशाची निकड असलेला माणूस करारावर सही करतो तेव्हा अटी वाचूनही त्याला फारसा उपयोग नसतो, हे कामगार चळवळीत वावरलेल्या कोणासही सांगावे लागू नये.

या कराराखाली तिने सुमारे ५० गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांतले मोठे यश एकाच गाण्याला मिळाले : १९५७ चे ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’. १९६० साली करार संपला आणि ती डेक्काकडे गेली. आता कोणत्याही गीतकाराचे गीत तिला घेता येऊ लागले. हॅंक कॉक्रन व हार्लन हॉवर्ड यांचे ‘आय फॉल टू पीसेस’ तिने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात गायिले. विली नेल्सन या त्या वेळी नाव नसलेल्या तरुणाचे ‘क्रेझी’ १९६१ मध्ये. ही दोन्ही गीते तिला प्रथम आवडली नव्हती, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. स्वातंत्र्य मिळाले म्हणजे दर वेळी निवड अचूक होते असे नाही. पण दार उघडे असले तर चांगले गीत आत येऊ तरी शकते.

आता तो संग्रह हाती घ्या आणि हिशेब करा. बारांपैकी एक गीत जुन्या कराराच्या काळातले. उरलेली अकरा नोव्हेंबर १९६० ते फेब्रुवारी १९६३ या सव्वादोन वर्षांतली. गाणारी तीच, नॅशव्हिल हे शहर तेच, ध्वनिमुद्रणाची सूत्रे बहुतांशी ओवेन ब्रॅडली यांच्याच हाती. आवाज वयाबरोबर पिकला होता. फिडलऐवजी व्हायोलिनांचा मृदू समूह, पियानो व साथीचा कोरस आला होता. हे सारे मान्य. तरीही मुख्य फरक गीतांचा, आणि गीतांचा फरक म्हणजे अटींचा फरक.

‘क्रेझी’ची हकीकत तर ऐकण्यासारखी आहे. जून १९६१ मध्ये मोटार अपघातात ती जबर जखमी झाली. ऑगस्टमध्ये कुबड्या घेऊन ती स्टुडिओत आली. वादकांच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे एक बैठक तीन तासांची, आणि तेवढ्यात तीन-चार गाणी व्हावयाची. या एकाच गाण्याला त्याहून अधिक वेळ लागला. बरगड्यांच्या दुखण्यामुळे वरचे स्वर लागेनात. वादकांचे काम पुरे करून ठेवले आणि काही दिवसांनी येऊन तिने आपला आवाज त्यावर चढविला.

चाहत्यांना यात काय सापडते? गाणी जेमतेम अडीच-तीन मिनिटांची. ‘शी’ज गॉट यू’मधील स्त्री म्हणते की त्याचे चित्र, त्याच्या तबकड्या, त्याची अंगठी माझ्यापाशी आहे, आणि तो मात्र दुसरीपाशी. वस्तूंची यादी आणि एक उणीव, एवढेच. या स्त्रिया रडगाणे गात नाहीत. दुःख सरळ सांगतात आणि मान ताठ ठेवतात. कामावरून परतलेल्या माणसाला असे कोणी आपल्या वतीने बोललेले हवे असते. ज्याच्या खिशाला एकच तबकडी परवडते, तो खात्रीची बारा गाणी असलेली घेतो. संग्रह कंपनी काढते खरी, पण निवड ऐकणाऱ्यांनी आधीच केलेली असते.

५ मार्च १९६३ रोजी टेनेसीमधील कॅम्डेन गावाजवळ विमान कोसळून ती मरण पावली. वय अवघे ३०. एका दिवंगत निवेदकाच्या कुटुंबाच्या मदतीसाठी कॅन्सस सिटीत गाऊन ती परतत होती. संग्रह निघाला तो चार वर्षांनी. १९७३ साली कंट्री संगीताच्या सन्मानगृहात स्वतंत्र गायिका म्हणून प्रथम तिचीच निवड झाली. संग्रहाला पुढे एक कोटी प्रतींच्या खपाचे प्रमाणपत्र मिळाले. कलावंताचे हात थांबले तरी त्याच्या श्रमाचे फळ येतच राहते. ते कोणाच्या घरी जावयाचे, हे मात्र सहीच्या दिवशीच ठरलेले असते.

म्हणून माझी विनंती एवढीच : असा कोणताही संग्रह ऐकाल तेव्हा गीतांच्या नावांबरोबर त्यांची सालेही वाचा. कलावंत कोणत्या अटींवर गात होता, ते ती साले सांगतात.